आज शाळेत काय झालं

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी कोळपे गुरुजींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "बाई, पोचलात म्हणून घरी कळवलंत का?" डी.एड. नुकतंच झालं होतं, अंगात मस्ती होती. मी म्हटलं, कळवीन की सावकाश, शिरूर काय सातासमुद्रापलीकडं आहे? गुरुजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली, फाट्यावर गेले, एसटी थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, की शिरूरच्या स्टँडसमोर अमुक वाणी आहे, त्याच्याकडं निरोप ठेवा, बाई पोचल्या, जेवल्या, खोलीला आतून कडी आहे. निरोप घरी पोचला. माझे वडील पुढं कित्येक वर्षं आल्यागेल्याला हा कडीचा निरोप हसून हसून सांगायचे. आई मात्र तो ऐकून रडली होती.

गावाचं नाव मी घेणार नाही. भीमेच्या काठाला आहे, शिरूरच्या हद्दीत. वडगाव रासाई तिथून लांब नाही, आणि पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. उसाचं गाव. शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक ते, एक मी. मी तोंडाची फटकळ, ते तोंडाचे बोलके, पण दोघांत फरक होता. मी मनात येईल ते बोलायचे आणि ते बोलायचे ते दुसऱ्याच्या पोराबद्दल.

माणूस उंच, काटकुळा, चालताना थोडा पुढं वाकलेला. घराणं मेंढपाळाचं. वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. हे मामाकडं राहून शिकले. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, वडील परत आले की विचारायचे, "कितवीत हायस?" पोरानं सांगायचं. पुढच्या वर्षी पुन्हा, "कितवीत हायस?" सातवीच्या परीक्षेत हा पोरगा केंद्रात पहिला आला, ते घरी कुणाला कळलंच नाही. सांगायला कुणी गेलं नाही, आणि वडील तेव्हा कुठल्या घाटात होते ते यांना ठाऊक नव्हतं. मोठं झाल्यावर सांगितलं तर वडील म्हणाले, "तवा सांगायचं न्हाई व्हय?" तेवढंच. "ज्याचं पोर त्याला ठाऊक पाहिजे," हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते कुठून आलं ते मला त्या दिवशी समजलं.

आता पालकांना कळवायचं म्हणजे काय, ते सांगते. सरकारी नियमाप्रमाणं पालकसभा असायची. सभेला सरपंच यायचे, चहा यायचा, आणि ज्यांची पोरं हुशार असे दोन बाप यायचे. बाकीचे ऊस बांधत असायचे. चिठ्ठी पाठवावी तर वाचणार कोण? पोरगंच वाचणार, आणि त्याला हवं तेच वाचणार. एका आईनं तर गुरुजींना रस्त्यात अडवून विचारलं होतं, की पोरगं म्हणतंय आज शाळेत काईच शिकवलं न्हाई, रोजच काई शिकवत न्हाईत, मग तुम्ही पगार कशाचा घेता? बरोबर होतं बाईचं. पण गुरुजींना ते फार लागलं.

आधी त्यांनी पायी फिरून पाहिलं. गाव एका जागी नव्हतं, निम्मं गाव मळ्यांमध्ये विखुरलेलं. रोज चार मळे केले तरी उरलेल्यांची पाळी पुढच्या आठवड्यात. मग एके दिवशी ते मारुतीच्या देवळात गेले आणि गुरवाला म्हणाले, मला आरतीच्या आधी पाच मिनिटं भोंगा द्या. त्या भोंग्यावरून आजवर घरपट्टी, रेशनचं रॉकेल आणि मयत एवढंच पुकारलं जायचं. गुरव चकित झाला, पण नाही म्हणाला नाही.

दिवेलागणीला भोंगा खरखरायचा, गुरुजी दोनदा फुंकर मारायचे आणि सुरू करायचे. "पालकांना नमस्कार. आज शाळेत काय झालं ते ऐका. पहिलीनं ग, म, भ, न गिरवलं. घरी पाटीवर काढून घ्या, वाचता येत नसंल तर नुसतं पाच ओळी हाईत का बघा. दुसरीची कविता पाठ झालीय, म्हणायला लावा. तिसरीला तेराचा पाढा दिलाय. चौथीनं आज बांधावर जाऊन पानं गोळा केली, उद्या प्रत्येकानं आपल्या घरातलं एक बी आणायचं, कसलंबी चालंल." कागद हातात नसायचा. सगळं डोक्यात. शेतात पाणी धरणारा बाप, गोठ्यात धार काढणारी आई, चुलीपुढं भाकरी थापणारी चुलती, सगळ्यांच्या कानावर एकाच वेळी पडायचं.

पोरांची पंचाईत झाली. घरात शिरताच बाप म्हणायचा, तेराचा पाढा म्हण. बापाला स्वतःला येत नव्हता, पण पोराला ते माहीत नव्हतं. देवळाच्या कट्ट्यावर एक आंधळे आबा बसायचे, ते ऐकून ऐकून दुसरीच्या सगळ्या कविता शिकले आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोराला थांबवून चूक काढू लागले. रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या बापांची मात्र संध्याकाळ गावात नसायची. त्यांच्यासाठी गुरुजी सकाळी फाट्यावर उभे. रात्रपाळी करून ती माणसं कंपनीच्या बसमधून डोळे चोळत उतरायची, आणि समोर गुरुजी हजर, तुमच्या पोराला वजाबाकी जमायला लागली म्हणून सांगायला. एक जण त्यांना चुकवायला म्हणून एक थांबा आधी उतरायला लागला. गुरुजी दुसऱ्या दिवशी तिथं उभे. मी हसून बेजार व्हायचे.

एकदा साहेब तपासणीला आले. त्यांना भोंग्याचं फार कौतुक वाटलं, पण कौतुक संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठल्या योजनेत दाखवता? गुरुजी म्हणाले, दाखवत नाही, ऐकवतो. साहेबांना ते आवडलं नाही. जाताना मला म्हणाले, तुमचे गुरुजी साधे आहेत. मी म्हटलं, हो, आणि तुमच्या सह्या झाल्या असतील तर चहा निवतोय.

एक गोष्ट त्यांनी कटाक्षानं पाळली. भोंग्यावरून कुणाची फजिती करायची नाही. नापास कोण झालं, मार कुणी खाल्ला, चड्डीत कुणी केली, हे घरी जाऊन, आईला किंवा बापाला बाजूला घेऊन. चांगलं तेवढं चारचौघांत. म्हणून पुढं जे झालं ते त्यांच्या स्वभावात नव्हतं, असं कुणी म्हणेल. पण होतं. त्यांच्या चांगुलपणातूनच ते आलं, आणि म्हणूनच मला त्याचा आजही संताप येतो.

नदीत तेव्हा वाळूचे खड्डे पडायला लागले होते. वरून पाणी शांत दिसायचं आणि खाली दोन पुरुष खोल. चौथीतला एक मुलगा दप्तर घेऊन घरून निघायचा आणि दिवसभर नदीवर मासे धरत बसायचा. घरच्यांना वाटायचं शाळेत आहे, आम्हाला वाटायचं घरी आहे. एक दिवस तो खड्ड्यात गेला. वाळूच्या ट्रकवरच्या एका बिहारी माणसानं केसाला धरून वर काढला म्हणून वाचला. त्या दिवशी गुरुजी कितीतरी वेळ नदीच्या काठाला बसून होते. मला म्हणाले, "बाई, आमचा बाप मेंढरं मोजायचा न्हाई. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कळप घातला की नुसती नजर फिरवायचा, आन् कोण न्हाई ते सांगायचा. आपण आलेल्यांचं सांगतो. न आलेल्यांचं सांगायला पाहिजे."

त्या दिवसापासून आजचा अभ्यास सांगून झाला की ते शेवटी न आलेल्यांची नावं घ्यायचे. तेही रागानं नाही. "संतोष आज दिसला न्हाई, ताप हाय का? मनीषा आली न्हाई, घरच्यांनी बघावं." हाक मारावी तसं. गाव खूश झालं. नदीवरची पोरं बंद झाली. एका बाईनं तर गुरुजींच्या पायावर डोकं ठेवलं. मलाही ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं.

दुसरीत सुमन नावाची मुलगी होती. सावळी, दोन घट्ट वेण्या, बोलायला कमी. तिची शाळा कधी चुकत नसे. आई तारा, बाप बबन. घरची बागायती, भाऊबंद एकत्र, घरात म्हाताऱ्यांचा शब्द चालायचा. ताराचं माहेर पाटसच्या अलीकडं एका वस्तीवर. तिच्या भावाच्या लग्नात मानपानावरून बिनसलं होतं, बबनच्या वडिलांना फेटा बांधायचा राहून गेला. फेट्याएवढी गोष्ट. पण तेव्हापासून माहेर बंद. जायचं नाही, यायचं नाही, निरोपसुद्धा धाडायचा नाही. आमच्याकडं माणसं दावणीतली गाय सोडतील, अपमान सोडणार नाहीत.

माहेरी ताराची आई अंथरुणाला खिळली. जगते की जाते असं झालं. भाजीवालीनं ते ताराच्या कानावर घातलं. ताराला राहवलं नाही. तिनं घरी सांगितलं, की लांबच्या मळ्यात खुरपायला चाललेय, दिवसभर लागेल. सुमन दप्तर घेऊन शाळेला म्हणून निघाली. फाट्यावर दोघी एसटीत बसल्या, चौफुल्याला गाडी बदलली आणि पाटसला गेल्या. आजीनं नातीला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणून तिला बरोबर नेलं होतं. दिवस मावळायच्या आत परत यायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही, एवढाच बेत.

आणि त्या संध्याकाळी गुरुजींनी भोंग्यावरून सांगितलं, की सुमन कधी न चुकणारी पोर, आज आली नाही, मला काळजी वाटते, घरच्यांनी चौकशी करावी, आजारी असेल तर मी येऊन अभ्यास सांगेन.

बबन तेव्हा उसाला पाणी देत होता. शेजारी दोन्ही भाऊ. तिघांनी ऐकलं. गावानंच ऐकलं म्हणा ना.

त्या दोघींनीही ऐकलं. फाट्यावर उतरून त्या उसाच्या कडेनं घराकडं येत होत्या. हे मला सुमननं सांगितलं, तेराव्यानंतर, शाळेच्या पायरीवर बसून. ती म्हणाली, माझं नाव ऐकून मी पळायला लागले, तर आईनं हात धरला. म्हणाली, "आता पळू नगं. सावकाश चल." मग वाटेत एका दगडावर बसून तिनं सुमनच्या वेण्या सोडल्या आणि पुन्हा नीट घातल्या. मग घरी गेल्या.

त्या घरात पुढं काय झालं त्याच्या गावात दहा गोष्टी होत्या. मी त्यातली एकही सांगणार नाही, कारण मी तिथं नव्हते. सकाळी तारा मळ्यातल्या विहिरीत सापडली. बाजेवर घालून वर काढली तेव्हा गुरुजी तिथं होते. दोरीला त्यांचाही हात होता. चौकशीला जमादार आला. सगळ्यांनी सांगितलं, पाणी शेंदताना पाय घसरला. त्या विहिरीवर मोटर बसून कैक वर्षं झाली होती. त्या काठावरून हातानं पाणी कुणी शेंदलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. जमादारानं मोटरकडं बघितलं, मग सरपंचाकडं बघितलं, आणि तो विषय तिथं संपला. गुरुजींना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय बोलले असते, मला माहीत नाही. न विचारता मात्र ते बोलले नाहीत. पोरानं पाच ओळी गिरवल्या हे सुद्धा गावभर सांगणारा माणूस त्या विहिरीच्या काठावर तोंड मिटून उभा राहिला.

दुपारी मयतीचा पुकारा झाला, तो गुरवानं केला. संध्याकाळी गुरुजी देवळात गेले नाहीत. त्यानंतर कधीच गेले नाहीत.

गावानं त्यांना दोष दिला नाही हे मला सांगितलं पाहिजे. उलट जो तो त्यांना समजावायला यायचा. तुमचं काय चुकलं गुरुजी, तुम्ही चांगल्यासाठीच करत होता, तिचं प्रारब्ध. सरपंच म्हणाले, नवा भोंगा आणून देतो. मला भयंकर चीड यायची. अरे, एक बाई मेली आणि तुम्ही भोंगा कसला आणून देताय? मी तसं एकदा तोंडावर बोललेसुद्धा. सरपंच महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, बरंच झालं.

मग बबन शाळेत आला, सुमनचा दाखला न्यायला. पोरगी आजोळी जाऊ दे म्हणाला, इथं तिचं कोण करणार, मला आता दुसरं बघायला लागंल. आजोळची वाट बंद होती ती आता उघडली होती, कारण नको असलेलं काहीतरी तिकडं पाठवायचं होतं. गुरुजींनी दाखला लिहिला. त्यांचं अक्षर शाळेत सगळ्यांत सुंदर, त्या दिवशीही एक रेष वाकडी गेली नाही. बबननं दाखल्याची घडी खिशात घातली, दारापर्यंत गेला, मागं वळला आणि अगदी मनापासून म्हणाला,

"गुरुजी, तुमच्यामुळं कळलं तरी. न्हाईतर आम्ही येडंच राहिलो असतो."

उपकार मानत होता तो. गुरुजींनी मान हलवली. तो गेल्यावर ते उठले, शाळेच्या मागं गेले आणि भिंतीला टेकून बसले. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि वर्गात परत आले. पोरं पाढे म्हणत होती.

नंतरचे कोळपे गुरुजी मला नीटसे आठवत नाहीत, कारण आठवण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. शिकवायचे, घरी जायचे. पालकांना सांगायचं काम सोडलं नाही, पण आता ते घरोघर जाऊन, उंबऱ्याशी उभं राहून, आईला जवळ बोलावून हळू आवाजात सांगायचे. कोण आलं नाही हे विचारायचे, सांगायचे नाहीत. "आज पोरगं घरीच होतं न्हवं?" एवढंच, आणि तेही आईला एकटीला. रस्त्यावर बबन दिसला की ते दुसऱ्या बोळात शिरायचे. बबनचं दुसरं लग्न वर्षाच्या आत झालं. पंगतीला अख्खं गाव होतं. गुरुजी नव्हते, मीही नव्हते. एवढाच काय तो आमचा निषेध, आणि त्याची कुणी दखल घेतली नाही.

बदल्यांच्या वेळी गुरुजींनी विनंती अर्ज केला. सेवा खूप झाली होती, मागतील ती शाळा मिळाली असती, अगदी त्यांच्या घराशेजारची. त्यांनी मागितली पाटसच्या बाजूची एक वस्तीशाळा, जिथं जायला कुणी राजी नसायचं. कचेरीतल्या क्लार्कनं म्हणे दोनदा विचारलं, नक्की हीच ना? शिक्षक मंडळींत हसं झालं. मी नाही हसले. सुमनचं आजोळ त्याच वस्तीवर होतं.

ताराची आई, जिला बघायला म्हणून तारा गेली होती, ती त्या दुखण्यातून उठली होती. देवाचा हा कुठला हिशेब ते मला अजून कळलेलं नाही. म्हातारी जगली, आणि नात तिच्या पदरात आली.

पुढं दौंडला एका प्रशिक्षणाला गेले तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून गुरुजींना भेटायला गेले. कारखान्याचा हंगाम चालू होता. पाटसला उतरल्यापासून नाकात मळीचा वास, रस्त्यावर उसाच्या गाड्या. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. गुरुजी खूप वाळले होते. सायकल हातात धरून चालत होते, चढवत नव्हते. त्यांनी मला विचारलं, घरी कळवून आलात ना?

वस्तीवरच्या सगळ्या घरी ते गेले, मी मागं मागं. प्रत्येक दारात तेच, हळू आवाजात, आज शाळेत काय झालं. बायका पदर सावरून ऐकायच्या, चहा घ्या म्हणायच्या. शेवटचं घर आलं तसे त्यांचे पाय मंद झाले. मला म्हणाले, "हितं काई बोलू नका, बाई. हितं मला कुणी बस म्हणत न्हाई. मी सांगतो आन् जातो." किती दिवस असं चाललंय विचारलं, तर म्हणाले, "आलो तवापासनं."

अंगणात म्हातारी सुपात गहू निवडत बसली होती. सुमन ओट्यावर. उंच झाली होती, वेण्या तशाच घट्ट. मला पाहून तिनं ओळखीचं हसू आणलं आणि लगेच पुसलं. गुरुजी अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत पाऊल घातलं नाही. टोपी हातात घेतली. म्हणाले, "सुमनला भागाकार आला. हातचा विसरती, पन येतंय. मंगळवारी तिनं सगळ्यांना धडा वाचून दाखवला. आवाज चांगला हाय. येत्या आठवड्यात पोरांना कारखाना दाखवायला न्यायचंय, तुमची परवानगी असंल तर नेतो, नसंल तर न्हाई."

म्हातारीचा हात सुपात चालूच होता. खडे बाजूला, गहू बाजूला. वर बघितलं नाही. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली, टोपी घातली, आणि सायकल वळवली.

"गुरुजी."

आवाज इतका बारीक होता की आधी मला वाटलं सुमन बोलली. म्हातारीनं सूप खाली ठेवलं होतं. सुमनला तिनं शेजारून दूध घेऊन यायला सांगितलं. सुमन तांब्या घेऊन गेली. ती कुंपणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत म्हातारी बोलली नाही.

"रोज नातीचं सांगता," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकीचं सांगा."

गुरुजींनी सायकल माझ्याकडं दिली.

"पाय घसरला म्हणत्यात समदी," म्हातारी म्हणाली. "जावई म्हणला, सरपंच म्हणला, पोलीस म्हणला. माझी ल्येक लहानपणापासून हिरीच्या काठावर कापडं धुती, तिचा पाय कवा घसरला न्हाई. मला बघाया आली आन् गेली. मला कुनीच काई सांगत न्हाई. तुमी तर तिथं हुता. आन् तुमी मास्तर हायसा."

मी मनात म्हटलं, नका सांगू गुरुजी. अगदी तसंच म्हटलं. म्हातारं माणूस, आजारातून उठलेलं, कळून काय करणार आहे? बबनला कोण हात लावणार आहे? आणि यांचं स्वतःचं काय होईल? ही बाई यांच्या अंगावर धोंडा टाकेल, किंवा टाकणार नाही, आणि ते जास्त वाईट.

गुरुजी अंगणात शिरले. कुणी बस म्हटलं नव्हतं तरी म्हातारीच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि वर्गात नवीन धडा सुरू करताना त्यांचा आवाज लागायचा तसा, सावकाश, शब्दाशब्दाला थांबून, त्यांनी सुरुवात केली.

"मावशी, त्या दिशी सांजच्याला पोरगी शाळेत न्हाई असं भोंग्यावरनं मी सांगितलं. माझ्या तोंडानं. घरी त्याच्यामुळं कळलं. ते आधी ऐका, मग पुढचं सांगतो. दुसऱ्या दिशी आम्ही तुमच्या लेकीला वर काढली. दोरी मी धरली हुती. तिच्या पाठीवर वळ हुते. मी बघितलं. तिथल्या समद्यांनी बघितलं. आन् मी बोललो न्हाई."

म्हातारी ओरडली नाही, रडली नाही. पुढं सरकली आणि म्हणाली, "किती वळ हुते?"

ते ऐकायला मी थांबले नाही. सायकल कुंपणाला टेकवली आणि रस्त्यावर आले. सुमन दुधाचा तांब्या घेऊन येत होती, तिला मी वाटेतच धरलं आणि म्हटलं, चल, मला तुझी शाळा दाखव. ती म्हणाली, शाळा बंद झालीय. मी म्हटलं, बाहेरनं दाखव. चालताना मी एकदाच मागं वळून बघितलं. गुरुजी मान खाली घालून बोलत होते, आणि म्हातारीनं त्यांच्या टोपीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं, त्यांनी अर्ध्यातून उठून जाऊ नये म्हणून.